पाकिटाने मुके असावे

पत्रव्यवहाराच्या शिष्टाचाराविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्या मंडळींनी एक मत मोठ्या सौजन्याने आणि सौंदर्यदृष्टीच्या नावाने प्रचलित केले आहे. इतक्या सौजन्याने की, त्याचा प्रतिवाद करणारा मनुष्य आपोआपच अरसिक, किंवा निदान कागदाच्या दोन पैशांकडे पाहणारा कंजूष ठरावा. मत असे की, पत्र ज्या प्रकारचे असेल त्या प्रकाराला अनुरूप असा पाकिटाचा रंग निवडावा. व्यापारी पत्राला शुभ्र, कचेरीच्या पत्राला खाकी, निमंत्रणाला केशरी, स्नेहपत्राला फिकट पिवळा, अनुरागाच्या पत्राला गुलाबी, सांत्वनाला करडा किंवा काळ्या किनारीचा आणि तगाद्याला लाल, अशी त्यांची वाटणी असते; तीत व्यक्तिपरत्वे थोडाफार फेरफार होतो, परंतु तत्त्व एकच राहते, की लखोटा हाती पडताच, तो फोडण्यापूर्वीच, आतील मजकुराची जात घेणाऱ्याला समजावी. या मताच्या पुरस्कर्त्यांना मी पुढे सोयीसाठी रंगवादी म्हणणार आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, अभिरुचीविषयी तर नाहीच. परंतु ज्या वस्तूला ते नटवू पाहतात तिचे प्रयोजनच त्यांच्या ध्यानातून निसटले आहे, असे माझे म्हणणे आहे. पाकिटाच्या रंगाने टपाल वाहणाऱ्याला काही सांगावे, हे मला मान्य आहे. आतील मजकुराविषयी मात्र त्याने कोणालाही, अगदी पत्र ज्याचे आहे त्यालाही, चकार शब्द सांगू नये.

पाकीट मुळात पत्र वाहून नेण्यासाठी अवतरलेच नाही. पत्र स्वतःच स्वतःला वाहून नेण्यास समर्थ होते. इंग्लंडात १८४० पूर्वी टपालाचे हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे. पत्राभोवती दुसरा कागद गुंडाळला की तो दुसरा ताव म्हणून मोजला जाई आणि हशील दुप्पट होई, म्हणून लोक लिहिलेल्या तावाचीच घडी घालून, तिच्या पाठीवर पत्ता लिहून, लाखेने ती बंद करीत. रोलंड हिलच्या सुधारणेने १८४० साली वजनावर आधारलेला एक पेनीचा एकसारखा दर आला, तेव्हा कुठे वरचे आवरण सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आणि अवघ्या पाच वर्षांत, १८४५ साली, त्याच हिलचा भाऊ एडविन आणि वॉरन डे ला रू या दोघांनी पाकिटांच्या घड्या घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र पुढे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय झाले. आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, ते मुंबईहून पुण्यास जावो की कलकत्त्यास, अर्धा आणा पडू लागला. ज्या आवरणावाचून शतकानुशतके पत्रे पोहोचत होती ते आवरण परवडू लागताच लोकांनी इतक्या तातडीने का जवळ केले, हा प्रश्न रंगवाद्यांनी एकदा स्वतःस विचारून पाहावा. घडी घातलेल्या तावाची टोके किंचित दाबली की आत डोकावता येत असे, आणि डोकावणारे डोळे घरीदारी, वाटेवर, सर्वत्र होते. त्या डोळ्यांपासून मजकूर झाकावा, एवढ्यासाठीच मनुष्याने पत्राला हे दुसरे वस्त्र दिले. मग तेच वस्त्र असे निवडावे की ज्यावरून आत काय आहे ते चौकातल्या माणसालाही ओळखता यावे, ही कोणती रसिकता?

येथे रंगवादी इतिहासाचा आधार घेतात आणि आपल्या राजदरबारांकडे बोट दाखवितात. संस्थानिकांचे आणि गव्हर्नर जनरलचे खलिते किनखापाच्या किंवा रेशमाच्या थैलीतून जात, थैलीला जरीचा गोंडा असे, वर मोहोर लोंबत असे. तेव्हा पत्राचे आवरण पत्राला साजेसे असावे ही आपलीच परंपरा होय, असे ते म्हणतात. दाखला खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष अगदी उलट आहे. किनखापाचा कस पाहिला जाई तो पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दर्जावरून. आत स्नेहवर्धनाच्या चार औपचारिक ओळी आहेत, की खंडणीची थकबाकी आहे, की मुलूख सोडण्याचा निर्वाणीचा इशारा आहे, यावरून थैलीचा रंग बदलत नसे. दरबारात थैली रुजू होताना हजर असलेल्या मानकऱ्यांना एवढेच कळे की अमुक इतमामाच्या माणसाकडून काही आले आहे. ते काय आहे, हे चिटणीसाने मोहोर फोडून हलक्या आवाजात वाचून दाखवीपर्यंत गुलदस्त्यातच राही. ज्या राजकारणात एखाद्या बातमीचा वास लागल्याने सावकार रात्रीतून पेढी हलवीत, त्या राजकारणातील कारभाऱ्यांनी थैलीच्या रंगावरून मजकूर ओळखता येईल अशी व्यवस्था केली असती, असे मानणे म्हणजे त्यांच्या शहाणपणाचा अपमान आहे.

दुसरा दाखला अधिक घरगुती आणि म्हणूनच अधिक मोहक आहे. मराठी पत्राचा मायना पत्र घेणाऱ्याचे नाते पहिल्याच शब्दात सांगून टाकतो: वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, परक्या प्रतिष्ठिताला राजमान्य राजश्री, मग ज्या समाजाने शब्दांचा एवढा बारकावा केला त्याने रंगांचाही केला तर बिघडले कोठे? बिघडले काय, हे याच मायन्याच्या इतिहासात लिहिलेले आहे. कारण मायन्यांपैकी काही आत न राहता पत्त्यावर, पाकिटाच्या तोंडावर आले. सवाष्ण बाईच्या नावामागे ‘सौ.’ आले आणि पती निवर्तलेल्या बाईच्या नावामागे ‘गं. भा.’ आले, म्हणजे बटवडा करणाऱ्या टपालवाल्यापासून जिन्यात खेळणाऱ्या पोरापर्यंत प्रत्येकाला, पत्र न उघडता, त्या बाईच्या आयुष्यातील सर्वांत मोठी आपत्ती दर वेळी नव्याने वाचून दाखविली जाऊ लागली. लिहिणाऱ्यांच्या मनात आदरच होता, तो आदर पवित्र नद्यांची नावे घेऊन व्यक्त होत होता, आणि तरीही बहुतेक घरांनी ही खूण हळूहळू सोडून दिली. २०२३ साली हाच शब्द सरकारी व्यवहारात आणण्याची सूचना पुढे येताच महाराष्ट्रात जी टीका उसळली ती पाहता, ही खूण लोकांना का नकोशी झाली होती याविषयी संशय उरू नये. आदरयुक्त अक्षरांनी जे केले, तेच काम रंगवादी आता रंगाकडे सोपवू पाहतात. अक्षर निदान वाचता येणाऱ्यालाच कळते. रंग निरक्षरालाही कळतो, आणि दहा हातांवरून कळतो.

आता मी रंगाचा शत्रू नाही, हे दाखविण्यासाठी, आणि खरे सांगायचे तर या विषयातला सर्वांत रंजक भाग तोच आहे म्हणून, टपालाच्या इतिहासातील रंगांकडे वळतो. १८४० साली निघालेले जगातील पहिले तिकीट काळे होते आणि ते रद्द करण्याचा शिक्का तांबड्या शाईचा होता. परंतु तांबडी शाई पुसून तिकीट पुन्हा चिकटविण्याची विद्या लोकांनी इतक्या लवकर हस्तगत केली की, १८४१ मध्ये खात्याने रंगांची अदलाबदल केली, तिकीट तांबडे झाले आणि शिक्का काळा झाला. आपल्या उपखंडातील कथा याहून मौजेची आहे. सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे आणि तेथील कमिशनर होते बार्टल फ्रियर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांनी १८५२ साली सिंध डाकेची तिकिटे काढली. पहिली तांबड्या लाखेसारख्या चकत्यांची होती, ती ठिसूळ निघाली आणि तडकू लागली. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव दिला, तो मंद उजेडात दिसेना. अखेर तोच उठाव निळ्या रंगात आला. तीन रंग बदलले, पण त्यांपैकी एकही तिकीट लावणाऱ्याच्या मनःस्थितीशी संबंधित नव्हता. प्रश्न होता तो डाकघरातल्या कारकुनाच्या डोळ्यांचा आणि समईच्या उजेडाचा. पुढे १८७४ साली बर्नच्या करारातून जी जागतिक टपाल संघटना उभी राहिली तिने शतक संपता संपता सर्व सभासद राष्ट्रांसाठी ठरविले की छापील मजकुराच्या दराचे तिकीट हिरवे, परदेशी पोस्टकार्डाचे तांबडे आणि परदेशी पत्राचे निळे असावे. म्हणजे ब्राझीलच्या तिकिटावरील अक्षर न कळणाऱ्या मुंबईच्या कारकुनालाही हशील पुरेसे भरले आहे की नाही ते रंगावरून कळावे. ही पद्धत सुमारे अर्धशतक चालली. नोंदणीच्या पाकिटावरील निळ्या फुलीच्या रेघा त्याच कुळातल्या: हा लखोटा हातोहात सही घेऊन द्यावयाचा आहे, एवढेच त्या सांगत. विमानी टपालाच्या पाकिटाची तांबडी-निळी तिरपी किनार, महानगरांतील पिवळ्या, निळ्या व हिरव्या पत्रपेट्या, आणि राखीपौर्णिमेच्या आधी आपले टपाल खाते विकते ती पावसाला दाद न देणारी ठळक पाकिटे, ही सारी एकाच नियमाची उदाहरणे होत. रंग पत्राची वाट सांगतो, वेग सांगतो, जोखीम सांगतो. राखीच्या पाकिटात राखी आहे हे कळते खरे. परंतु सणाच्या दिवसापूर्वी ते पोहोचलेच पाहिजे, या एका निकडीसाठी ते गुपित बहिणीने राजीखुशीने सोडलेले असते, आणि त्या गुपिताने कोणाची इभ्रत जात नाही.

हाच विवेक आपल्या निवडणुकीतही दिसतो. मतपत्रिका पेटीत टाकीत त्या काळी ती लोकसभेसाठी पांढरी आणि विधानसभेसाठी गुलाबी असे. रंग कोणत्या पेटीत ती पडावी हे सांगे, आणि तिच्यावरचा शिक्का कोणापुढे उमटला आहे याविषयी मौन पाळी. रंगवाद्यांच्या हाती हे खाते असते तर त्यांनी बहुधा प्रत्येक उमेदवाराला एकेक रंग दिला असता आणि मतदान किती प्रेक्षणीय झाले म्हणून समाधान मानले असते.

रंगांना सर्वमान्य अर्थ आहे, या गृहीतकाविषयी फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. पांढरा रंग पाश्चात्त्य वधूचा, आणि चीनमध्ये शोकाचा. चिनी घरात सणासुदीला पैशांची भेट लाल पाकिटातून देतात, आणि आमचे रंगवादी लाल पाकीट तगाद्यासाठी राखून ठेवतात. आमच्याकडे लाल म्हणजे कुंकू, पिवळा म्हणजे हळद. नाशिकच्या बहिणीने पाठविलेले पिवळे पाकीट तिला मंगलाचे वाटेल आणि ज्या शहरात ते पोहोचेल तेथील दुकानदाराच्या तक्त्यात पिवळा हा ‘परिचितांसाठी’ असा नोंदलेला असेल. शिवाय युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारणतः बारांतल्या एकाला तांबड्या-हिरव्यातील भेद नीट कळत नाही, तेव्हा ज्या साहेबी शिष्टाचाराची आपण नक्कल करतो त्या साहेबांपैकीच कित्येकांना हा शिष्टाचार दिसणार नाही.

रंगवाद्यांचा सर्वांत सबळ, आणि मी आदराने म्हणेन की एकमेव हृदयस्पर्शी, युक्तिवाद काळ्या किनारीच्या पाकिटाचा आहे. मृत्यूची वार्ता अकस्मात डोळ्यांपुढे येऊ नये. किनार पाहून मनुष्याने खाली बसावे, कोणाला तरी जवळ बोलवावे, मग लखोटा फोडावा. रंगाने एवढी दया केली तर ती तुम्ही का नाकारता, असे ते विचारतात. या प्रश्नाला थिल्लर उत्तर देणे योग्य नव्हे. परंतु ज्या इंग्लंडातून ही काळी किनार आली तेथील तिचा खरा व्यवहार पाहिला म्हणजे हा साक्षीदार रंगवाद्यांच्या बाजूने बोलत नाही असे आढळते. काळी किनार पत्रातील बातमीची खूण नव्हती. ती पत्र लिहिणाऱ्याच्या सुतकाची खूण होती. घरात मृत्यू झाला की त्या घरची मंडळी सर्वच पत्रांना किनारीचा कागद वापरीत आणि काळ जाईल तशी किनार अरुंद होत जाई. प्रिन्स आल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी निवर्तला, आणि व्हिक्टोरिया राणीने १९०१ साली स्वतःचा अंत होईपर्यंत किनारीचाच कागद वापरला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे मंत्रिमंडळाचे वाद, नातवंडांची बारशी, स्कॉटलंडातील हवापाणी आणि साम्राज्याचे सोहळे, सारे काही त्या एकाच काळ्या चौकटीतून गेले. ज्यांना असे पत्र येई त्यांना किनारीवरून काय कळणार? एवढेच की लिहिणारा शोकात आहे, जे त्यांना आधीच ठाऊक होते. आणि परगावाहून, अनपेक्षित हातून, किनारीचे पाकीट आले तर आत कदाचित घराच्या भाड्याविषयी चार ओळी असूनही फोडेपर्यंत छातीत धडधड. मजकुराला अनुरूप रंग असावा या तत्त्वाचा जो आदिपुरुष म्हणून पुढे केला जातो, तो मजकुराशी अनुरूप कधी नव्हताच.

‘पण आपली कोपरा फाडलेली कार्डे?’ हा पुढचा प्रश्न मला अपेक्षित आहे. होय, देशाच्या अनेक भागांत अशुभ वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडीत, ते कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नसत, वाचून तेथेच त्याचे तुकडे करीत. पण ते कार्ड होते. आपल्याकडे १८७९ साली पाव आण्यात निघालेले पोस्टकार्ड हे मुळातच उघडे. टपालवाल्याने ते वाचलेले असते, खेड्यात तर पुष्कळदा तोच ते वाचून दाखवी. जेथे झाकलेले काहीच नव्हते तेथे फाटक्या कोपऱ्याने कोणतेही रहस्य फोडले नाही; त्याने फक्त वाचणाराला सावध केले. हीच खूण बंद पाकिटावर आणली की तिचा धर्म पालटतो. आता टपालवाला, शेजारी, शाळेतून परतलेले मूल, यांना घरच्या कर्त्या माणसाआधी कळते की कोणी तरी गेले. फक्त कोण गेले ते कळत नाही, आणि त्या मधल्या अर्ध्या तासात घरातील प्रत्येकजण मनातल्या मनात एकेकाला मारून पाहतो. ही दया नव्हे. ज्याला दया करावयाची असेल त्याने मजकुराचे पहिले वाक्य विचार करून लिहावे, किंवा पत्र वडील माणसाच्या नावे पाठवावे, म्हणजे कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे याचा अधिकार त्या माणसाकडे राहील. तो अधिकार रंगाला देऊ नये.

शोकाच्या पाकिटापाशी रंगवादी निदान हळवे तरी असतात. तगाद्याच्या पाकिटापाशी त्यांचा सूर एकदम व्यवहारी होतो. थकबाकीदाराला लाल पाकीट पाठवावे, म्हणजे तो ते बाजूस टाकणार नाही! यातील खरी शक्ती त्याच्या डोळ्यांवर चालत नसून शेजाऱ्याच्या डोळ्यांवर चालते, हे मात्र कोणी उघडपणे बोलत नाही. पेशवाईत कर्ज बुडविणाऱ्याच्या दारात सावकार किंवा त्याचा माणूस धरणे धरून बसे. त्याला पैशाहून अधिक भरवसा असे तो त्या घराच्या इभ्रतीवर, जी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेने थोडीथोडी झिजत जाई. लाल पाकीट हे त्याच धरण्याचे टपालखर्चाएवढ्या स्वस्त दरात मिळणारे रूप आहे. अमेरिकेच्या कायदेमंडळाने हे नेमके ओळखले होते. कर्जवसुलीतील गैरप्रकारांविरुद्ध १९७७ साली तेथे जो कायदा झाला त्यात अन्याय्य उपायांची एक यादी आहे; तीत एका कलमाने कर्जदाराला कर्जाविषयी उघडे पोस्टकार्ड पाठविण्यास मनाई केली, आणि त्याला लागूनच असलेल्या दुसऱ्या कलमाने वसुलीदाराच्या पत्त्याखेरीज कोणताही शब्द वा चिन्ह पाकिटावर वापरण्यास मनाई केली; धंद्याचे नावसुद्धा, त्या नावावरून वसुलीचा सुगावा लागत नसेल तरच, लिहिण्याची मुभा ठेवली. ही दोन कलमे शेजारी शेजारी बसविणाऱ्या मसुदाकाराच्या बुद्धीचे मला फार कौतुक वाटते. बोलके पाकीट आणि उघडे कार्ड ही एकाच जातीची आहेत, हे त्याने एका शब्दाचीही चर्चा न करता, नुसत्या क्रमाने सांगितले. ज्याचा अर्थ सर्वांना ठाऊक झाला आहे असा रंग हा चिन्ह नव्हे, असे कोणी म्हणेल तर म्हणो. जपानात महायुद्धाच्या काळी सैन्यभरतीचा हुकूम तांबूस कागदावर येत असे आणि लोक त्या हुकुमाला नुसते ‘लाल कागद’ म्हणत. रंग एकदा ओळखीचा झाला की त्याला अक्षराची गरज राहत नाही.

यावर एक चतुर उत्तर मी ऐकले आहे. तुम्ही रंग निवडला नाही तरी रंगाला अर्थ चिकटतोच. खाकी पाकीट दिसताच लोक सरकार, कर आणि जप्ती आठवून दचकतात. मग अर्थ चिकटणारच असेल तर तो आपण विचारपूर्वक का चिकटवू नये? या उत्तराचा पूर्वार्ध बरोबर आहे. परंतु खाकी रंग कोणी अर्थासाठी निवडला नव्हता. फिलिपाइन्समधील अबाका नावाच्या केळीच्या जातीच्या झाडाचा चिवट वाख, ज्याला व्यापारात मनिला म्हणत, त्याचा कागद मूळचाच तांबूस-पिवळा असे. पुढे लाकडाच्या लगद्यापासून मजबूत क्राफ्ट कागद होऊ लागला, तोही विरंजन केल्याविना तपकिरीच राहतो. कचेरीला पाहिजे होता स्वस्त आणि न फाटणारा कागद. रंग त्याच्यासोबत आला. आणि त्या खाकी पाकिटाने, कोणाच्याही मनात नसताना, एक फार मोठे काम केले. नेमणुकीचा हुकूम त्यातूनच आला आणि बडतर्फीचाही. पेन्शनचा मंजुरीलेख, शिष्यवृत्तीचे पत्र, समन्स आणि थकलेल्या शेतसाऱ्याची नोटीस ही सारी एकाच वेषात, एकाच बारनिशीतून जावक क्रमांक घेऊन बाहेर पडली. शेजाऱ्याला खाकी पाकीट दिसले, पण गोविंदरावांची बदली झाली की बढती, हे विचारल्यावाचून कळले नाही, आणि विचारण्याइतका निर्लज्जपणा प्रत्येकाजवळ नसतो. दचकणे अर्थात राहिले; परंतु ते सर्वांना सारखे वाटले गेले. २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झालेल्या आपल्या अंतर्देशीय पत्रानेही हेच केले. त्याच्या निळाईत मुलगी पसंत पडल्याची वार्ता आली, परीक्षेत नापास झाल्याची आली, आई अत्यवस्थ असल्याची आली, आणि गावची विहीर आटल्याचीही आली. त्या रंगाचा अर्थ एवढाच राहिला की, हे देशातल्या देशात पाठविलेले आहे आणि कोणी तरी आपल्या हाताने लिहिलेले आहे.

लग्नपत्रिकेविषयी मात्र माझी काही तक्रार नाही. तिला हळदकुंकवाची बोटे लागावीत, तिचे पाकीट केशरी असावे, त्यावर गणपती असावा. ती गुपित नाहीच, ती जाहीर आवतण आहे, आणि टपालवाल्याने ती देताना हसून ‘कोणाचे?’ म्हणून विचारले तर त्यात आनंदच आहे. ज्या मजकुराला लपावयाचे नाही त्याने वाटेल तो रंग धारण करावा. प्रेमपत्राला मात्र गुलाबी पाकिटात घालणाऱ्या तरुणाने एकदा तरी ज्या घरी ते जाणार त्या घरातील मावशी, आत्या आणि थोरले भाऊ यांचा विचार करावा, एवढी सूचना एक अनुभवी वाचक म्हणून करतो.

सौंदर्याचा प्रश्न उरतो, आणि तो मी टाळणार नाही. पत्र उघडताना डोळ्यांना सुख व्हावे ही इच्छा निर्दोष आहे. फक्त त्या सुखाची जागा आतली आहे. युरोपातील चांगल्या कागदवाल्यांनी पाकिटाच्या आतून रंगीत, नक्षीदार पातळ कागदाचे अस्तर लावण्याची चाल काढली, ती केवळ नखऱ्यासाठी नव्हे; पातळ पाकीट उजेडाकडे धरले तर अक्षरे दिसतात, अस्तराने ती दिसेनाशी होतात. बँकेच्या पाकिटाच्या आतील निळी जाळीदार छपाई हीच युक्ती रुक्षपणे करते. म्हणजे रंग आत वळविला की तो पहारेकरी होतो, बाहेर ठेवला की चहाडखोर. याउलट बाहेरच्या गडद रंगाने काय साधते? निळ्या शाईचा पत्ता जांभळ्या कागदावर बुडून जातो, टपालाचा शिक्का वाचता येत नाही, आणि ज्या मुंबईत १९९३ पासून पत्रांची छाननी यंत्राच्या डोळ्यांनी होऊ लागली त्या मुंबईत अशा पाकिटाला पुन्हा हाती वाचणारा माणूस शोधावा लागतो. आषाढात स्वस्त गुलाबी कागदाचा रंग ओल्या थैलीत शेजारच्या पत्रांनाही लागतो, हे वेगळेच.

शेवटचा आक्षेप असा येईल की, पत्रेच संपत आली असताना हा वाद कशासाठी. पण संपली ती कोणती पत्रे? कुशल विचारणारी, रुसवेफुगवे काढणारी, अनुरागाची. ती सारी दूरध्वनीच्या पडद्यावर गेली. टपालाने आजही जे येते ते बहुतांशी न्यायालयाचे, बँकेचे, विम्याचे, करखात्याचे, इस्पितळाच्या तपासणीचे आणि वकिलाच्या नोटिशीचे. म्हणजे ज्याला झाकण्याची सर्वाधिक गरज आहे तेवढेच उरले आहे. आणि ते पूर्वीसारखे थेट हातात पडतही नाही. शहरातील गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाजवळ पहारेकऱ्याचे एक टेबल असते, त्यावर दिवसभर साऱ्या बिऱ्हाडांचे टपाल पसरलेले असते, येणारा-जाणारा आपले पाकीट शोधताना इतरांची उलटून पाहतो. अशा टेबलावर लाल पट्टीचे पाकीट ज्या बिऱ्हाडाचे असेल त्या बिऱ्हाडातील माणूस संध्याकाळी सात वाजता घरी येतो, आणि त्याच्या कर्जाची हकीकत सकाळी अकरापासून तेथे पडून असते. म्हणून पाकिटे विकत घेणाऱ्यास माझा सल्ला इतकाच की, दुकानात रंगांचा तक्ता पुढे आला तर तो बाजूस सारावा, हाती आलेल्या पाकिटात एक लिहिलेला कागद घालून ते दिव्यासमोर धरावे, आणि एक जरी अक्षर दिसले तरी अधिक जाड कागदाचे मागावे. तसे ते पांढरे मिळाले तर पांढरे घ्यावे, खाकी मिळाले तर खाकी.